बघणं : नावे की जमा?

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला जमाखर्चाचे जे नियम घोकून घेतात, त्यांतला एक मला अजूनही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो : घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याच्या जमा करा. पुढं बँकेत चिकटल्यावर वीस वर्षांत बाकीचं बरंचसं शिक्षण वापराअभावी गंजलं. हा नियम मात्र अंगात इतका मुरला, की लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारा समोर आला तरी आधी त्याची जमा आणि मग माझ्या नावे, अशी नोंद मनातल्या मनात होऊन जाते. आहेर, उसनी साखर, शेजाऱ्यानं ‘जरा बघून देतो’ म्हणून नेलेला पेपर, सासुरवाडीहून आलेली तुरीची डाळ, आणि त्या डाळीबद्दल वर्षभर ऐकावं लागणारं बोलणं, सगळं कुठल्या ना कुठल्या बाजूला बसतंच. खतावणीत बसत नाही अशी गोष्ट जगात नाही, असं माझं ठाम मत होतं. हल्ली ते डळमळलं आहे. एक व्यवहार असा सापडला, की तो कुठल्या बाजूला टाकावा तेच कळेना. तो व्यवहार म्हणजे बघणं.

समजा, एक माणूस दुसऱ्या माणसाकडं टक लावून बघतो आहे. यात घेणारा कोण आणि देणारा कोण? बघणारा काहीतरी घेतो म्हणावं, तर समोरच्याचं काही कमी होत नाही. त्याचं नाक, कान, मिशी सगळं जागच्या जागी असतं. बरं, बघणारा काहीतरी देतो म्हणावं, तर समोरचा ‘काय बघायलास रे?’ म्हणून अंगावर का येतो? देणाऱ्याच्या अंगावर कोणी येत नाही. कर्ज देणाऱ्याच्या येतात, पण तेही वसुलीच्या वेळी.

हा घोळ माझ्या डोक्यात घातला भाच्यानं. तो संभाजीनगरला चित्रकलेच्या कॉलेजात शिकतो. ‘चित्रकलेच्या’ म्हटलं की आमच्याकडं पुढचा प्रश्न ‘आणि नोकरीसाठी काय शिकतो?’ असाच येतो. सुट्टीत तो उमरीला आला तो एक पिशवी घेऊन. पिशवीत चार पेन्सिली, रंगांची डबी, जाड कागदाची कोरी वही आणि मिलिंद मुळीक यांचं ‘स्केचबुक’. मुळीक हे पुण्याचे चित्रकार. मूळचे इंजिनिअरिंग शिकलेले. वडील प्रताप मुळीक हे ‘अमर चित्र कथा’चे नामांकित चित्रकार. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनानं अशी बरीच चित्रपुस्तकं काढली आहेत. भाचा दुपारी झोपला की मी ते पुस्तक चाळू लागलो. सुरुवातीला ‘चित्रंच तर आहेत, दहा मिनिटांत होईल’ या हिशेबानं. पण कादंबरी वाचायला लागतो तितका वेळ लागला. कादंबरीत निदान वर्णनाची पानं गाळता येतात.

स्केचबुक या वस्तूची गंमत अशी, की भिंतीवर चौकटीत लावलेलं चित्र म्हणजे पाहुण्यांसमोर इस्त्रीचे कपडे घालून बसलेला यजमान; आणि स्केचबुक म्हणजे तोच यजमान स्वयंपाकघरात बनियनवर, पाटावर बसून ताक पिताना. आमच्या व्यापारी गिऱ्हाइकांच्या भाषेत सांगायचं तर एक पक्की वही आणि दुसरी कच्ची. आणि खरा हिशेब कुठल्या वहीत असतो, हे मी बँकवाल्यानं जाहीर सांगू नये, पण सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वह्यांमधून वाड्याचं दार कडी-कोयंड्यासकट उतरलेलं असतं आणि शेजारची भिंत मात्र दोन रेघांत आटोपलेली असते. सायकलला पुढचं चाक असतं, मागचं नसतं. असली सायकल तारण म्हणून कुठलीही बँक घेणार नाही. पण आपले डोळे ते मागचं चाक आपण होऊन बसवतात, आणि आपणच बसवल्यामुळं ती सायकल थोडी आपलीही होते. मला तर वाटतं, स्केचबुकं लोकांना आवडतात ती काढलेल्या रेघांइतकीच सोडून दिलेल्या जागेमुळं.

आणि दुसरं कारण म्हणजे, चित्रकार तिथं होता. उन्हात, रस्त्याच्या कडेला, कोणाच्या तरी ओट्यावर. पान बघताना त्याला लागलेलं ऊनसुद्धा जाणवतं.

आमच्या पिढीला चित्रकला शिकवली गेली ती याच्या बरोबर उलट. काढायचं भरपूर, बघायचं काही नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही पोराला ‘देखावा काढ’ म्हणा; तो दोन त्रिकोणी डोंगर काढणार, मधून अर्धा सूर्य, सूर्यापासून थेट खाली एक नदी, नदीत शिडाची होडी, काठावर नारळाचं झाड, कौलारू झोपडी आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. उमरीत मी बरीच वर्षं राहतो. दोन डोंगरांच्या बेचक्यातून सूर्य उगवताना मी इथं एकदाही पाहिलेला नाही. शिडाची होडी तर रेल्वेनंही आली नाही. इथं आहे ती काळी जमीन, बाभळी, कापूस, आणि मुदखेड सोडल्यावर धर्माबादकडं जाणारी रेल्वेलाईन. पण कापसाच्या शेताचा देखावा काढून मार्क पडलेला मुलगा मला आठवत नाही. एलिमेंटरीच्या ग्रेड परीक्षेला ‘स्मरणचित्र’ असा एक पेपरच असायचा. स्मरण कशाचं करायचं, तर आधीच्या वर्षीच्या चांगल्या चित्राचं.

तेव्हा जागेवर जाऊन, डोळ्यांनी बघून काढणं, हे आपल्याकडं नवीनच फॅड आहे अशी माझी समजूत होती. भाच्यानं ती दुरुस्त केली. पुण्यात सवाई माधवरावाच्या काळात गंगाराम चिंतामण तांबट नावाचा चित्रकार होऊन गेला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानं तो काम करी. १७९० साली त्यानं पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा काढला. हा गंगाराम आमच्या मराठवाड्यात वेरुळालाही येऊन गेला आणि तिथली लेणी त्यानं रेखाटली. त्याची चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत, त्यात तो गेंडाही. पेशवाई बुडाली, प्राणिसंग्रह गेला, गेंडा तर कधीच गेला. आणि कागदावरचा गेंडा मात्र अमेरिकेत स्थायिक झाला. आमच्या बँकेतल्या दोघांची मुलं तेवढ्यासाठी रात्रंदिवस अभ्यास करताहेत.

गेंड्याला गंगारामानं विचारलं होतं का, हा प्रश्न येत नाही. गेंड्याची हरकत असती तर ती जागच्या जागी नोंदवली गेली असती आणि चित्र अर्धवट राहिलं असतं.

जपानचा होकुसाई तर याच्याही पुढचा. त्यानं सुतार, पैलवान, आंघोळ करणारे, ओझी वाहणारे असे हजारो लोक रेखाटून ठेवले. त्या वह्यांचा पहिला भाग १८१४ साली छापून निघाला आणि एकूण पंधरा भाग झाले. होकुसाई वारला १८४९ साली, शेवटचा भाग आला १८७८ साली. कच्ची वही छापून बाजारात विकण्याचा धंदा इतका जुना आहे.

पण बघण्याच्या जमाखर्चाचं सगळ्यांत मोठं प्रकरण आमच्या जवळच, अजिंठ्याला घडलं. अजिंठा तेव्हा उमरीसारखाच निजामाच्या राज्यात. रॉबर्ट गिल हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी १८४४ साली तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमला गेला. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून त्यानं मोठमोठे कापडी पट रंगवले, ते विलायतेला गेले आणि १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा बहुतेक सगळे जळाले. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. तेरा वर्षं खपून त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याचशा १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. आमच्याकडं एखादं खातं दोनदा बुडालं तर तिसऱ्यांदा कर्ज देणाऱ्याची चौकशी लागते.

आता हिशेब करा. नकला केल्यामुळं अजिंठ्याचं काय कमी झालं? नुसतं बघून आणि काढून काहीच नाही. उलट भिंतीवरचे जे पापुद्रे पुढं गळून पडले, त्यांवर काय होतं ते उरलेल्या नकलांवरूनच कळतं. म्हणजे बघणं जमेला. पण ही मंडळी नुसती बघून थांबली नाहीत. रंग उठून दिसावेत म्हणून त्यांनी मूळ भिंतींवर वार्निश फिरवलं. पुढं ते वार्निश पिवळं पडलं, काळवंडलं, आणि १९२० च्या सुमारास निजाम सरकारला इटलीहून तज्ज्ञ आणवून त्या भिंती साफ करण्याची खटपट करावी लागली. तेव्हा बघणं वेगळं, आणि ‘मला नीट दिसावं म्हणून तू जरा असा हो’ म्हणणं वेगळं. पहिल्यानं भिंतीचं काही गेलं नाही, दुसऱ्यानं गेलं. मुलाकडं बघणारे आईबाप आणि सुनेकडं बघणारी सासू यांनी अजिंठ्याला एक चक्कर मारायला हरकत नाही.

भिंती बोलत नाहीत, म्हणून हे प्रकरण त्यातल्या त्यात सोपं. माणसांचं अवघड. आमच्या शेजारच्या गोव्याचे मारिओ मिरांडा घ्या. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रं काढू लागले तेव्हा आईनं भिंत वाचवण्यासाठी हातात कोरी वही दिली. मराठी घरात अशा वेळी हातात वही सोडून दुसरं काहीतरी मिळतं, त्यामुळं आपल्याकडं मारिओ कमी झाले. शाळेत त्यांनी पाद्र्यांची चित्रं काढली आणि पाद्री चिडले. पुढं तरुणपणी लोटलीच्या घरी राहून त्यांनी रोजच्या रोज चित्रांची रोजनिशी लिहिली. गावातली लग्नं, मेजवान्या, शेजारीपाजारी, मित्र, सगळे त्यात. १९४९, १९५० आणि १९५१ या सालांच्या त्या वह्या साठ वर्षांनंतर पुस्तकरूपानं बाहेर आल्या. बघून जीव हरखून जातो. पोर्तुगीज अमलातला गोवा, त्यातली माणसं, त्यांची ढेरी, त्यांच्या टोप्या. पण माझ्यातला कारकून विचारतो, की या माणसांना कोणी विचारलं होतं का? वही मारिओंची होती हे खरं. ढेरी त्यांची नव्हती. पुस्तकाची किंमत मी दिली तर ती दुकानदार, प्रकाशक वगैरेंच्या खात्यात जाईल. ढेरीवाल्याच्या खात्यात काय? त्याला तर आपलं खातं उघडलं गेलंय हेही माहीत नाही.

हे मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, “मामा, त्या ढेरीवाल्याला सत्तर वर्षांनी उमरीतला माणूस ओळखतो, हे काय कमी आहे?”

“पण त्याला ढेरीवरनंच ओळखतो ना?”

यावर तो वही घेऊन बाजारात निघून गेला. तरुण पिढीला वाद घालायला वेळ नसतो.

हल्ली असं बाहेर बसून चित्रं काढणाऱ्यांचे जगभर संघ झाले आहेत. ‘अर्बन स्केचर्स’ म्हणून एक मंडळ २००७ साली अमेरिकेत एका पत्रकार-चित्रकारानं सुरू केलं. मुंबईला, पुण्यालाही त्यांची मंडळी जमतात. त्यांचे नियम साधे : फोटोवरून काढायचं नाही, जागेवर बसूनच काढायचं आणि जे पाहिलं त्याच्याशी प्रामाणिक राहायचं. नावात ‘अर्बन’ आहे, म्हणजे नियमाप्रमाणं उमरी त्यात बसते की नाही याची मला शंका होती. पण आमच्याकडं आता नगरपरिषद आहे, तेव्हा चालून जावं.

उमरीच्या आठवडी बाजारात चित्र काढणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी भाजीची पिशवी हातात धरून पाहिलं. भाचा एका पोत्यावर बसला. तीन मिनिटांत मागं सात माणसं उभी. पाचव्या मिनिटाला पहिली सूचना आली, “बैलाचं शेपूट ऱ्हायलं.” दुसऱ्यानं शिंगाबद्दल मत दिलं. तिसरा म्हणाला, “फोटू काढ की मोबाईलवर, कामून तरास घेतूस?” आणि तिथं मला एकदम फरक कळला. फोटो काढणारा माणूस एका सेकंदात काय ते घेतो आणि चालता होतो. चित्र काढणारा अर्धा तास त्याच जागी, सगळ्यांच्या देखत, मान खाली घालून बसतो. तो जितका बघतो त्याच्या दसपट लोक त्याला बघून घेतात. मी बँकेत नोकरी करतो म्हणून अधिकारानं सांगतो : इतका वेळ जागेवर बसणारा चोर नसतो.

तो ज्यांना काढत होता त्या टमाटेवाल्या मावशींचं लक्ष गेलं.

“काय लिवायलास रे लेकरा?”

“लिहीत नाही मावशी, चित्र काढतोय. तुमचंच.”

“मपलं?” मावशींनी आधी पदर सारखा केला आणि मग बी.कॉम. न होता नेमका प्रश्न विचारला, “मंग मला काय देतूस?”

मी कान टवकारले. म्हटलं, आता लागेल निकाल. भाच्यानं उत्तर दिलं नाही, वही त्यांच्यापुढं धरली. मावशींनी ती लांब धरून, जवळ धरून पाहिली. स्वतःच्या तोंडाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “टमाटे येवढेच काढलास व्हय? सकाळधरनं काय इकलं न्हाई, ढीग पुरा हाय.” भाच्यानं मुकाट्यानं आणखी आठ-दहा टमाटे काढले. “आता बराबर,” म्हणून मावशींनी वही परत दिली आणि वरून कोथिंबिरीची एक जुडी त्याच्या पिशवीत टाकली. पैसे घेतले नाहीत. म्हणजे बघणारा भाचा, काढून घेणारा भाचा, आणि वर जुडीही भाच्याच्याच नावे. मी घरी येईपर्यंत ही नोंद मनात फिरवत होतो, पण ताळा जमेना.

दोन दिवसांनी तो डबा द्यायला म्हणून बँकेत आला आणि पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसून काढायला लागला. शिपाई धावत आला. एकतर उमरीत बँकेकडं कोणी जास्त वेळ निरखून बघितलेलं बरं नसतं, याला इतिहास आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४८ च्या जानेवारीत, स्वातंत्र्यसैनिकांनी इथली बँक लुटून तो पैसा लढ्याला लावला होता. उमरीचं नाव इतिहासात आहे ते त्यासाठी. आता त्यांनी आधी नीट पाहणी केली असणारच. काम फत्ते झालं त्यावरून नजर चांगली होती. तर शिपायानं ‘फोटो काढण्यास मनाई आहे’ या पाटीकडं बोट दाखवलं. भाच्यानं पेन्सिल दाखवली. प्रकरण साहेबांकडं गेलं. साहेबांनी बराच विचार करून सांगितलं, की पेन्सिलीबद्दल परिपत्रक आलेलं नाही. आमच्याकडं ज्याचं परिपत्रक नाही ते अस्तित्वात नसतं, म्हणून भाचा बसला.

खिडकीवर तेव्हा एक आबा होते. वय ऐंशीच्या पुढं. धोतर, मळकट टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. निराधार योजनेचे पैसे काढायचे होते आणि त्यासाठी त्या मशीनवर बोट ठेवायचं होतं. बोट ठेवलं, जुळेना. पुसून ठेवलं, जुळेना. दुसरं बोट, तिसरं बोट, डावा हात. जन्मभर ज्या हातांनी वखर धरला, कापूस वेचला, त्यांच्या बोटांवर रेघा राहतात कुठं? मशीनला रेघा हव्या असतात. मशीननं चार वेळा आबांकडं पाहिलं आणि चार वेळा सांगितलं, हा माणूस तो नव्हे. आबा आपल्या बोटाकडं बघत उभे होते. बोट दुसऱ्या कोणाचं घालून आलो की काय, असा त्यांचा चेहरा.

तेवढ्यात बाकावर शेजारी बसलेलं एक पोर ओरडलं, “आयला, हे तर आबा!” भाच्याच्या वहीत पंधरा-वीस रेघा असतील नसतील. धोतराचा सोगा, वाकलेली पाठ, खिडकीवर टेकलेला हात आणि टोपीबाहेर आलेले दोन मोठे कान. वही रांगेतून हातोहात फिरली. जो तो म्हणे, “आबाच की!” ज्यांनी आबांना आयुष्यात पाहिलं नव्हतं त्यांनीही वहीकडं आणि मग आबांकडं बघून ओळख पटवली. शेवटी वही आबांकडं आली. त्यांनी बराच वेळ पाहिली. “कान मपलेच हायेत,” म्हणाले. आणि मग वही माझ्या खिडकीतून आत सरकवत अगदी गंभीरपणं विचारलं, “सायेब, मशीनला वळख पटंना. ह्या कागदावर पटती का बघा.”

रांग हसली. मीही हसलो. रेघारेघांतून माणूस ओळखायला मशीनही बसली होती आणि भाचाही. एकीला सापडला नाही, दुसऱ्याला सापडला. नियमात चित्र बसत नाही. शेवटी पैसे काढायची स्लिप, शाईचा अंगठा, साक्षीदार आणि पासबुकातला फोटो या जुन्या रस्त्यानं आबांना पैसे मिळाले. पण माझ्या मनातून ते जाईना. आम्हीही दिवसभर माणसांकडं बघतोच. सही बघतो, नमुन्याशी ताडतो, फोटो बघतो, तोंड बघतो. रांग बाहेर पायरीपर्यंत असते, तेव्हा याहून जास्त बघायची सोय नाही. पण आमचं बघणं असतं फरक शोधायला. कुठं जुळत नाही ते पकडायला. त्या पोराचं बघणं होतं कुठं जुळतं ते शोधायला. दोन्ही बघणीच, एकानं माणूस नाकारला जातो आणि दुसऱ्यानं कबूल होतो. मग मला वाटलं, सापडलं उत्तर. कबूल करणारं बघणं जमेला, नाकारणारं नावे. ताळा जमला.

तो संध्याकाळपर्यंतच टिकला. बँक बंद झाल्यावर आम्ही घरी निघालो, तेव्हा भाचा गप्प होता. वही मागितली. आबांच्या पुढच्या पानावर आमच्या बँकेची बाहेरची पायरी होती. पायरीवर रबरी चपलांचा जोड, शेजारी कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारं पासबुकाचं टोक. आणि पिशवीच्या वर, जिथं माणूस असायला हवा, तिथं कोरा कागद. खांद्याची एक रेघ सुरू होऊन तुटलेली.

“हे काय?”

“एक बाई बसल्या होत्या. काढायला घेतलं. त्यांनी पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून पाठ फिरवली.”

“काही बोलल्या?”

“नाही.”

“मग?”

“मग काय मामा. नको म्हणाल्या.”

मी म्हटलं, “पण बघितलंस ना एकदा? आता आठवणीनं पुरं कर. स्मरणचित्र शिकवलं असेल की.”

त्यानं वही मिटली. म्हणाला, “त्यांचं स्मरण माझ्याकडं आहे, मामा. चित्र नाही काढणार.”

त्या बाईंनी पदर का ओढला, कोणास ठाऊक. पीकविम्याचे पैसे आले नसतील. बँकेच्या पायरीवर बसलेलं कोणी बघू नये असं वाटलं असेल. किंवा नुसतं ऊन तोंडावर आलं असेल आणि भाच्यानं उगीच मोठा अर्थ काढला असेल. पण तिथं माझा सगळा जमाखर्च पुन्हा उसवला. हा पोरगा चांगल्या नजरेनं बघत होता. वार्निश लावत नव्हता, फरक शोधत नव्हता, सगळ्यांच्या देखत बसला होता. तरी त्यांना ते नको होतं. म्हणजे देणारा कितीही भला असला तरी घेणाऱ्याची सही लागतेच. सहीविना जमा केलेली रक्कमसुद्धा शेवटी घोटाळाच.

आमच्या धंद्यात अशा वेळी एक सोय आहे. रक्कम आली आहे, पण कोणाची, कशाची, कुठल्या बाजूची ते कळत नाही, तर ती तात्पुरती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकायची. मी सध्या बघणं हा सगळा व्यवहार तिथं टाकून ठेवला आहे. गंगारामाचा गेंडा, लोटलीचा ढेरीवाला, टमाटेवाल्या मावशी, आबांचे कान, आणि पायरीवरच्या चपला. एवढं मात्र खरं, की स्केचबुकातल्या मोकळ्या जागेचं मघाशी मी जे कौतुक केलं, ते आता तितक्या बेफिकिरीनं होत नाही. कुठलंही असं पुस्तक उघडलं आणि अर्धवट सोडलेली आकृती दिसली, की वाटतं, इथं चित्रकाराला घाई होती, की ऊन वाढलं, की पेन्सिलीचं टोक मोडलं? की समोरच्यानं पदर ओढला आणि या भल्या माणसानं हात थांबवला? छापील पानावरून ते कळत नाही. जागा तेवढीच मोकळी दिसते. भाच्याची वही उद्या कोणी छापली, तर त्या पायरीच्या पानावर बघणारे म्हणतील, ‘वा, काय सुंदर जागा सोडली आहे!’ ती जागा कोणाची आहे, हे ठाऊक असलेली आम्ही दोनच माणसं. आणि तिसरी ती बाई.

सस्पेन्स खात्याचं एक वाईट असतं. तिथं रक्कम फार दिवस ठेवता येत नाही. ऑडिटर आला की पहिलं बोट तिथंच ठेवतो. तोवर माझा एक प्रयोग चालू आहे. खिडकीवर मशीन अडलं, लाईन गेली, ‘सर्व्हर डाऊन’ झाला, म्हणजे दिवसातून निदान चार वेळा, मी समोरच्या माणसाकडं बघतो. पेन्सिल नाही, वही नाही. नुसता कान बघायचा, कपाळावरच्या आठ्या बघायच्या, टोपीची घडी बघायची. माणसं पहिल्यापहिल्यांदा अस्वस्थ होतात. परवा एकानं विचारलंच, “काय बघायलाव सायेब? सही चुकली का?”

“नाही,” म्हटलं, “बरोबर आहे.”

“मंग बघा,” तो म्हणाला, आणि टोपी सारखी केली.